घरमालक मामा आणि बाबांचं एक वाक्य

आमच्या घरमालकांसमोर ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. “मामा, बहुतेक पंपाची मोटर जळलीय,” असं कुणी म्हणालं, की मामा त्याला दाराकडे बोट दाखवायचे. “भायेर जा. परत आत ये. आनि काय झाला ते सांग. का झाला ते मी बगीन.” तिसऱ्या मजल्यावर बँकेतले एक साहेब राहायचे. तेसुद्धा निमूटपणे बाहेर जायचे, पुन्हा आत यायचे आणि सांगायचे, “मामा, नळाला पाणी येत नाही.” मग मामा खुर्चीतून उठायचे. मला त्या साहेबांची कीव यायची आणि मामांचा राग. मी स्वतः तीन वेळा बाहेर जाऊन आत आलेली आहे, म्हणून सांगते.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. भिवंडीच्या नारपोलीत मामांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो, आई, बाबा आणि मी. बाबा एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. मी धामणकर नाक्यावर एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून मामा मला ‘मास्तरीन’ म्हणत. मामांचं घराणं इथलंच, मूळचं शेतकरी. शेतावर त्यांनी शेड घालून कापड विणायचे आठ लूम टाकले होते आणि तीस वर्षं ते आपल्याच लूमवर आपणच मिस्त्री होते. आम्ही राहायला आलो तेव्हा लूम विकून झाले होते आणि शेडच्या जागी इमारत उभी होती. फक्त तळमजल्यावरची त्यांची खोली त्यांनी जुन्या शेडएवढी लांबलचक ठेवली होती. एका टोकाला एकोणतीस इंची टीव्ही, दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून मामांची खुर्ची, आणि मधल्या रिकाम्या फरशीवर मामींचे पापड वाळत असायचे.

टीव्हीचा आवाज कायम बंद. लूमनी मामांचे कान केव्हाच नेले होते. आठ लूम एकदम चालू असले, की शेजारच्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू येत नाही. त्यामुळे शेडमध्ये सगळा कारभार ओठांवर आणि हातांवर चालतो. त्यात मामांनी उभं आयुष्य काढलेलं. बातम्या देणारी बाई काय म्हणते ते मामा खोलीच्या त्या टोकावरून वाचायचे आणि मामींना सांगायचे, आणि मामी चिडून म्हणायच्या, “अवो, मना कान हायेत. आवाज लावा ना.” दुसऱ्या भाषेतून मराठी किंवा हिंदी केलेल्या जाहिराती लागल्या, की मात्र मामांचं डोकं फिरायचं. ओठ एक बोलतात आणि मामी दुसरंच ऐकतात, म्हणजे ही माणसं खोटारडी, असा त्यांचा निकाल होता. एका साबणाच्या जाहिरातीतल्या बाईवर तर त्यांचा कायमचा राग होता, आणि तो साबण आमच्या अख्ख्या इमारतीत कुणी आणायचा नाही.

त्यांच्या या विद्येचा आम्ही भाडेकरूंनी धसका घेतला होता. एकदा आम्ही तीन-चार बायका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पाण्याच्या वेळेवरून मामांना नावं ठेवत होतो. मामा खाली रस्त्यापलीकडे, पानाच्या गादीशी. दुसऱ्या दिवशी पाणी अर्धा तास आधी सुटलं आणि मामा मला जिन्यात म्हणाले, “कंजूस म्हनालीस ते ठीक हाय. म्हातारा म्हनायचा न्हाय.” तेव्हापासून गॅलरीत बोलताना सगळ्या जणी पदर नाहीतर ओढणी तोंडासमोर धरायच्या. पाहुण्यांना वाटायचं, भिवंडीत धूळ फार.

डॉक्टरकडेसुद्धा त्यांचं तेच. डॉक्टरने विचारलं, “ॲसिडिटी होते का?” तर मामा म्हणाले, “ते तुमी सांगा. जेवल्यावर मना हितं जलतं, एवडाच मी सांगनार.” मामी सोबत होत्या, त्यांनी हा प्रसंग गल्लीभर केला.

बिघडलेली वस्तू समोर आली, की मामा आधी चहा मागवायचे. तो चहा ते प्यायचे नाहीत. तो गार होईपर्यंत वस्तूकडे नुसतं बघत बसायचं, असा नेम. मग डावा हात लेंग्याच्या खिशात. विजेच्या वस्तूला दोन हात लावायचे नाहीत, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. ती हलवून फरक पडला नाही, तर आधी ती होती तिथे परत ठेवायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. जी गोष्ट तपासून निर्दोष ठरली, तिला ते पांढऱ्या सुताचा तुकडा बांधायचे. सुताची गुंडी सदऱ्याच्या खिशात कायम असायची. इमारतीतले पंखे, मिक्सर, इस्त्र्या, सगळ्यांच्या वायरींना ही सुतं लटकलेली. “ह्याला सोडला,” असं म्हणत ते गाठ मारायचे. पोलिसांनी निरपराध माणसाला सोडावं तसं.

हे सगळं आम्हाला विनोदीच वाटायचं. बाबा तर मामांची हुबेहूब नक्कल करायचे, डावा हात खिशात घालून आईच्या कुकरसमोर बसायचे.

त्या वर्षी खारबावला आमच्या नात्यात लग्न झालं. त्यानंतर आठव्या दिवशी बाबा गेले. गोदामात खुर्चीवर बसल्या बसल्या, हार्ट अटॅक. आजारी नव्हते, काही नाही.

पाच महिन्यांनी माझ्या चुलतभावाने सीडी पाठवली. तो आखातात नोकरीला होता. लग्नात त्याने आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर छोट्या छोट्या क्लिपा काढल्या होत्या. मी ती सीडी वर माझ्या कॉम्प्युटरवर लावली. एका क्लिपमध्ये बाबा होते. जेमतेम पंधरा सेकंदांची क्लिप. मांडवाबाहेर बेंजो पार्टी दणाणते आहे, बाबा कॅमेऱ्याकडे तोंड करून काहीतरी बोलतात, त्यांचा हात छातीकडे जातो. मग भावाचा हात हलतो, चित्र एकदम एका बाजूला हिसकतं, आणि क्लिप संपते. आवाज नुसता बेंजोचा.

आईने ती पाहिली आणि पांढरीफटक पडली. ते बोलणं तिला आठवत होतं. ती भावाच्या मागेच उभी होती. बाबा बोलले, तिला बेंजोत काही ऐकू आलं नाही, आणि तिने हाताने ‘नंतर, नंतर’ अशी खूण केली. नंतर ती वाढायच्या गडबडीत लागली आणि ते विचारायचं राहूनच गेलं.

“छातीवर हात होता गं त्यांचा,” ती म्हणाली. “दुखतंय म्हणून सांगत होते मला. आणि मी नंतर म्हटलं.”

मी भावाला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, “काका काहीतरी बोलले खरं. पण त्या दिवशी जो तो मला काहीतरी सांगत होता गं, काय लक्षात राहणार?” आईने जेवण जवळजवळ सोडलं. ती रोज संध्याकाळी ती क्लिप लावायला सांगायची आणि स्क्रीनला नाक लावून बसायची. मग एक दिवस मला न विचारता ती खाली मामांकडे गेली. मी मागोमाग पोचले तेव्हा ती त्यांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून उभी होती. “भाऊ, तुम्ही ओठ वाचता ना? मग यांचे वाचा.”

मामा जिना चढून आमच्याकडे आले. क्लिप पाहिली. चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली. म्हणाले, “तोंड चिंचोक्याएवडा हाय. जवलचा मना दिसत न्हाय. मानसाएवडा तोंड पायजे, आनि लूमवरनं लूमवर बगतो तेवड्या अंतरावर पायजे.” जरा थांबून म्हणाले, “ह्या पेटीतला चित्र माज्या टीवीवर येल का?”

मी म्हटलं, बहुतेक येईल. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. घर आमचं होतं, पण मी बाहेर जाऊन आत आले आणि म्हणाले, “कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डाला टीव्हीची वायर लावायचं भोक आहे. मी कधी जोडून पाहिलेलं नाही.”

“आसा सांग. शुक्रवारी करू.” शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, त्यामुळे व्होल्टेज नाचत नाही. मग ते आईकडे वळले. “बाय, एक सांगतंय. दिसंल ते सांगीन. गोड करून सांगनार न्हाय. न्हाय दिसला तर न्हाय दिसला म्हनीन. चालंल?”

आई म्हणाली, चालेल.

मला चालणार नव्हतं. गुरुवारी क्लासवरून आल्यावर मी खाली गेले आणि हळूच म्हणाले, “मामा, बाबा काहीही बोलले असोत, तुम्ही आईला चांगलंच काहीतरी सांगा. जेवलीस का म्हणाले, असं सांगा.” मामांनी माझ्या ओठांवरचं सगळं वाचलं. दाराकडे बोट दाखवलं. या वेळी परत आत ये म्हणाले नाहीत. मी इतकी संतापले होते, की असल्या दगडाकडे आईला जाऊच द्यायला नको होतं, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर खाली नेला. मामींनी पापड उचलले. नाक्यावरून मी एक छोटा जोड आणला होता, कार्डाच्या गोल भोकात बसणारा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीची नेहमीची पिवळी वायर लागायची. सगळं जोडलं, टीव्ही एव्हीवर लावला. नुसता निळा पडदा. मी लगेच जोड काढून घालायला लागले, तर मामा ओरडले, “हात काड!” चहा आला. तो गार होईपर्यंत आम्ही चौघं त्या निळ्या पडद्याकडे बघत बसलो.

मग मामांनी तीच पिवळी वायर कॉम्प्युटरच्या जोडातून काढून आपल्या व्हीसीडी प्लेअरला लावली. टीव्हीवर चित्र आलं. त्यांनी टीव्हीच्या भोकाजवळ एक सूत बांधलं, वायरीला एक. “ह्या दोगांना सोडला. आता तुजा जोड आनि तुजी पेटी.” वायर परत होती तिथे लावली आणि मला विचारलं, “पेटी चालू केलीस तवा टीवी जोडलेला होता?” नव्हता. मी आधी कॉम्प्युटर चालू करून मग वायर लावली होती. “मंग तिला कसा कललं की पाव्हना आलाय? बंद कर. परत चालू कर. तू तुजी काच बग, मी माजी बगतंय.”

कॉम्प्युटर सुरू होत असताना मी सवयीने मॉनिटरकडेच बघत होते. मामा एकदम खुर्चीतून उठले. “आला! अक्षरं आली व्हती, गेली!” मी एकटी असते तर मला ते कधीच दिसलं नसतं. म्हणजे जोड चांगला होता, कार्ड चांगलं होतं, फक्त पुढे विंडोज सुरू झालं की ते टीव्हीला सोडून देत होतं. दोन सुतं आणखी बांधली गेली. मी सेटिंगमध्ये शिरून टीव्ही चालू केला आणि पडद्यावर चित्र आलं. काळंपांढरं, आणि वरून खाली सारखं घरंगळणारं.

आई म्हणाली, “चालेल की. दिसतंय.”

“न्हाय चालनार,” मामा म्हणाले. “पलत्या मानसाचे ओठ कोन वाचनार?” सेटिंगमध्ये टीव्हीच्या प्रकारांची एक लांबलचक यादी होती. मी मधलंच एक निवडायला गेले, तर त्यांनी वहीच मागवली. पहिल्यापासून, एक एक. लावायचं, मामांनी बघायचं, मामींनी फुली मारायची. मला चीड आली होती, पण खरं सांगते, त्या संथपणात मला हळूहळू धीरही येत होता. सहाव्या की सातव्या नावाला चित्र थांबलं आणि त्यात रंग भरला. माझ्या डेस्कटॉपवरची हिरवी टेकडी एकोणतीस इंचांवर उभी राहिली. मामींनी टाळी वाजवली.

मी क्लिप लावली. मॉनिटरवर बाबा आले. टीव्हीवर सगळं होतं, खिडकी होती, खालची बटणं होती, बाण होता, आणि मध्ये जिथे बाबा असायला हवे होते तिथे काळी चौकट.

पुन्हा लावली. काळी चौकट. आईने पदर तोंडाला लावला. मी क्लासमध्ये शंभर मुलांना शिकवणारी, मला काही म्हणता काही सुचेना. मी रडवेली होऊन म्हणाले, जाऊ दे मामा, कार्डातच खोट आहे.

मामांनी मला दार दाखवलं नाही. त्यांनी दुसरा चहा मागवला. या काचेकडून त्या काचेकडे, त्या काचेकडून या काचेकडे बघत राहिले. चहावर साय धरली. मग म्हणाले, “पेटी खराब आसती तर ह्या काचेवर बी दाजी दिसले नसते. बाकी सगला दोन्हीकडं जातंय. चालता चित्र एकाच काचेवर जातंय. सूत नेनारा धोटा एक, तो दोन लूमात कसा चालंल?” आणि उजव्या हाताने त्यांनी मॉनिटरची वायर धरली. “ही काड. पेटी बंद कर आनि परत चालू कर. दुसरी काचच न्हाय ऱ्हायली तर जाईल कुठं?”

“मामा, मॉनिटर काढला तर मला दिसणार कसं?”

“टीवीवर बग. ती बी काचच हाय.”

त्या माणसाने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. मी दोन वर्षं कॉम्प्युटर शिकवत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नसतं, दहा वर्षांत आलं नसतं. मॉनिटर काढून मी कॉम्प्युटर सुरू केला. टीव्हीवरची अक्षरं फिसकटलेली, वाचता येत नव्हती. सवयीने, अंदाजाने बाण नेत मी क्लिपपर्यंत पोचले आणि दाबलं.

बाबा आले. माणसाएवढ्या तोंडाचे, रंगीत, त्यांच्या निळ्या शर्टात.

मामा आपल्या टोकाला खुर्चीवर बसले आणि मला बोटाने खूण केली, परत. मी लावली. परत. किती वेळा लावली ते आठवत नाही. ते बाबांचे ओठ आपल्या ओठांनी हळूहळू करून बघत होते. आई त्यांच्याकडे बघत होती. मी मात्र कुणाकडेच बघू शकत नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी मला दार दाखवलं होतं, आणि आता ते जे म्हणतील ते खरं असणार होतं.

“दुकतंय म्हनाले न्हाईत,” मामा म्हणाले. “दुकतंय मधे ओठ सुरवातीलाच गोल व्हतात. हितं सुरवातीला न्हाय झाले. पयला शब्द ओठ मिटून हाय. म, प, ब, तिन्ही ओठाला सारकेच. थांब.” आणखी दोनदा पाहिली. “बाजूला व्हय, म्हनतात. बाजूला हो रे. ही दिसत न्हाय मना.”

मामींनी हातातली वही खाली ठेवली.

“कोनाला म्हनाले?” मामांनीच विचारलं आणि ते उठून टीव्हीजवळ आले. “पोराला. कॅमेरेवाल्याला. ओठानं बाजूला व्हय म्हनाले आनि लगेच चित्र बाजूला हिसकला, बग. पोराचा हात न्हाय हलला. पोरगा बाजूला झाला. आनि ह्यो हात. छातीवर न्हाय, खिशात हाय.” मी क्लिप पुन्हा लावली. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते कुणालाही दिसलं असतं. बाबा वरच्या खिशातून चष्मा काढत होते.

आईने पदराने तोंड पुसलं आणि मामांना दिसावं म्हणून तोंड उजेडाकडे केलं.

“भाऊ, मग मी दिसले का त्यांना?”

मामांनी मला खूण केली. मी लावली. बाबा बोलले, चित्र बाजूला हिसकलं, आणि अगदी शेवटी, क्लिप संपता संपता, आम्ही आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं त्या कडेच्या तुकड्यात, चष्मा लावलेले बाबा कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाकडे तरी बघून हसले.

“दिसलीस, बाय,” मामा म्हणाले.